दोन वर्षांची मुदत

एका साखरपुड्यात माझ्या भाच्याला कुणीतरी विचारलं, "मग, बारावीनंतर काय?" ताटातला जिलबीचा तुकडा मोडता मोडता तो म्हणाला, "आर्मी." विचारणारे काका एकदम खुलले. "वा! एनडीए?" म्हणत त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. पुण्यात राहणाऱ्या माणसाला आर्मी म्हटलं की खडकवासलाच आठवणार, त्यात काकांचं काही चुकलं नाही. भाचा म्हणाला, "नाही, सिंगापूरची." काकांचा हात पाठीवरून खाली आला. "पण तू इंडियन ना?" "हो." "मग त्यांच्या आर्मीत कशाला?" त्यानं माझ्याकडे पाहिलं. हा प्रश्न त्याला इतक्यांदा विचारून झाला होता की आता उत्तर दुसऱ्या कुणीतरी द्यावं, एवढंच त्या नजरेत होतं. पीआर म्हणजे तिथला कायमचा रहिवास, तिथला सक्तीच्या सैन्यसेवेचा कायदा असं काहीबाही मी सांगितलं, काकांनी मान हलवली आणि पंगत पुढे सरकली. तो "कशाला?" मात्र माझ्याबरोबर घरी आला.

ताई आणि भाऊजी सिंगापूरला गेले तेव्हा हा चार वर्षांचा होता. नोकरी बरी चालली, घर घ्यायचं मनात आलं, म्हणून पीआरचा अर्ज केला आणि त्यात मुलाचंही नाव घातलं. त्या कायद्यातली एक गोष्ट मला आजही पचत नाही. स्वतःच्या जोरावर पीआर झालेल्या बापाला सैन्यसेवा करावी लागत नाही. त्याच्या आधारानं पीआर झालेल्या मुलाला करावी लागते. सही बापाची, दोन वर्षं मुलाची. सोळा वर्षं सहा महिन्यांचा झाला की नोंदणी, अठराच्या सुमारास भरती, आणि ती दोन वर्षं संपली तरी पुढे बरीच वर्षं राखीव दलाची बोलावणी. ताईला हे सगळं सही करताना ठाऊक होतं. पण चार वर्षांच्या, अजून बूट उलटे घालणाऱ्या पोराकडे बघून अठरावं वर्ष कुणाला दिसतं? माझ्याही डोळ्यांपुढे ते आलं नसतं.

दहावी तिथल्या भारतीय शाळेत झाली आणि त्यानं स्वतःच पुण्याचा हट्ट धरला. आजी-आजोबांकडे राहायचं होतं. सुट्टीत पाहिलेलं पुणं रोजचं करून बघायचं होतं. ताईच्या मनात जेईईचं होतं, ती ते कबूल करत नसे. पण तेरा वर्षांवरच्या मुलाला तीन महिने किंवा त्याहून जास्त काळ सिंगापूरबाहेर राहायचं तर एक्झिट परमिट लागतं. आईवडील तिथे आणि मुलगा दोन वर्षांसाठी बाहेर, म्हणजे बाँडही आला. ७५ हजार सिंगापूर डॉलर, किंवा दोघांच्या मिळून वार्षिक उत्पन्नाच्या निम्मी रक्कम, यांतली जी मोठी असेल ती. मुलगा वेळेवर परत आला नाही तर ते पैसे गेले. भाऊजींनी बँक गॅरंटीचे कागद केले त्या संध्याकाळी ताईचा फोन आला होता. पैशाबद्दल ती काही बोलली नाही. "आपल्याच मुलासाठी जामीन राहायचं म्हणजे कसं वाटतं गं," एवढंच म्हणाली. बारावीपर्यंतच्या किंवा तिच्या तोडीच्या शिक्षणासाठी भरती पुढे ढकलायची मुदत मिळते, पदवीसाठी मिळत नाही. त्यामुळे हा पुण्यात उतरला तो परतीचा महिना ठरवूनच.

मुदतीसाठी कॉलेजचं पत्र हवं होतं: हा विद्यार्थी अमुक वर्गात पूर्णवेळ शिकतो आहे आणि अमुक महिन्यात त्याचा अभ्यासक्रम संपेल. आम्ही दोघं कॉलेजच्या कार्यालयात गेलो. खिडकीत लोखंडी गज, त्यामागे फायलींच्या गठ्ठ्यावर ठेवलेला स्टीलचा डबा, आणि बोनाफाईडचं छापील पुस्तक पुढ्यात ओढून बसलेले क्लार्क. "कारण?" त्यांनी विचारलं. छापील कारणं तयारच होती: पासपोर्ट, शिष्यवृत्ती, बसपास, इतर. भाचा म्हणाला, "आर्मी डेफरमेंट." त्यांनी पेन थांबवलं, चष्म्यावरून बघितलं. मी समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि "इतर"समोर खूण केली. अडचण आली ती पुढच्या वाक्यात. अभ्यासक्रम अमुक महिन्यात संपेल असं लिहायला ते तयार होईनात. "परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये होते एवढं लिहितो. हा पास होईल हे मी कसं लिहून देऊ, मॅडम?" त्यांचं म्हणणं रास्त होतं. शेवटी प्राचार्यांच्या सहीनं लेटरहेडवर वेगळं पत्र झालं, गोल शिक्का थोडा फिका उमटला म्हणून त्यांनी स्वतःच तो पुन्हा मारला, आणि पत्र हातात देताना भाच्याला म्हणाले, "जाऊन ये बाबा. आमचा पोरगा दोनदा पडला भरतीत."

हे वाक्य मला पुढे तळजाईवर पुन्हा भेटलं.

भाचा पहाटे टेकडीवर पळायला जायचा. भरतीच्या आधीची शारीरिक चाचणी चांगली पार पडली तर सेवेतले दोन महिने कमी होतात, आणि त्या चाचणीत २.४ किलोमीटर पळावं लागतं. तळजाईला त्या वेळी मोरांच्या ओरडण्याबरोबर आणखी एक आवाज असतो, बुटांचा. बीडची, सोलापूरची, साताऱ्याकडची पोरं पुण्यात खोली करून राहतात आणि अंधारात उठून भरतीसाठी पळतात. त्यांचं अंतर १६०० मीटर. अग्निवीर व्हायचं, चार वर्षं करायची, त्यातल्या २५ टक्क्यांनाच पुढे कायम करणार हेही त्यांना माहीत असतं. त्यातला एकजण, आष्टी तालुक्यातला, भाच्याचा दोस्त झाला. पायात फाटून शिवलेले बूट, तळवा आतून सेलोटेपनं चिकटवलेला, पण पळायला लागला की भाचा शंभर पावलं मागे. एकदा मीही चालायला म्हणून गेले होते, तेव्हा कठड्यावर बसून दोघांचं चाललं होतं. त्या मुलाला सगळी हकिकत कळल्यावर तो कितीतरी वेळ बुटाच्या नाडीशी खेळत राहिला. मग म्हणाला, "म्हंजी त्यांनी तुला बोलावलं, अन् तू म्हनला थांबा?" त्यात हेवा नव्हता, टोमणा तर मुळीच नव्हता. निखळ अचंबा होता फक्त. साताऱ्याजवळचं अपशिंगे गाव घ्या, त्याला लोक अपशिंगे मिलिटरी म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जण कामी आले, आणि तरीही घरोघरचा मुलगा फौजेत जायचा थांबला नाही. ज्या मातीत हे असं आहे तिथे "मुदत मागितली" हे शब्द कसे ऐकू येत असतील ते मला त्या कठड्यापाशी समजलं. भाचा त्याला म्हणाला, "मी नाही म्हटलं नाही रे. बारावी करून येतो म्हटलं." आष्टीच्या मुलानं थोडा विचार केला आणि "हां, मग ठीकाय" म्हणून विषय मिटवला. आमच्या नातेवाइकांपैकी कुणालाही इतक्या लवकर ते पटलं नव्हतं.

आजोबांचा सुरुवातीचा सवाल वेगळाच होता. एवढ्याशा बेटाला सैन्य कशाला? ते आणि त्यांच्या वयाची माणसं सिंगापूर ओळखतात ते नेताजींमुळे. ५ जुलै १९४३ ला पाडांगच्या मैदानावर आझाद हिंद सेनेसमोर दिलेली "चलो दिल्ली"ची हाक, २१ ऑक्टोबरला कॅथे इमारतीत स्थापन झालेलं सरकार, हे त्यांना तोंडपाठ. त्याच्या आधीचं १५ फेब्रुवारी १९४२ मात्र नातवानं सांगितलं. ब्रिटिशांनी ज्याला अभेद्य किल्ला म्हटलं ते बेट त्या दिवशी जपान्यांच्या हाती गेलं, आणि दोन दिवसांनी हजारो हिंदी सैनिकांना फेरर पार्कच्या मैदानात गोळा करून दुसऱ्याच्या ताब्यात दिलं गेलं. तिथल्या शाळेत हे शिकवतात: आपलं रक्षण दुसरं कुणी करेल यावर विसंबलं की काय होतं. ९ ऑगस्ट १९६५ ला सिंगापूर वेगळं झालं तेव्हा त्याच्याकडे पायदळाच्या जेमतेम दोन पलटणी होत्या. तिथले पंतप्रधान ली क्वान यू यांनी मदतीसाठी पत्र लिहिलं ते लालबहादूर शास्त्रींना आणि इजिप्तच्या नासरना. शास्त्रींकडून शुभेच्छा आल्या, सैन्य उभारायला माणसं आली नाहीत. ती शेवटी इस्रायलहून आली. १९६७ मध्ये सक्तीच्या सेवेचा कायदा झाला आणि पहिल्या वर्षी सुमारे ९,००० तरुणांची नोंदणी झाली. शास्त्रींच्या पत्राचं ऐकून आजोबा गप्प झाले. दुसऱ्या दिवशी चहा पिताना म्हणाले, "म्हणजे आपण पाठवली नाही ती मदत आता आपलं पोरगं जाऊन करणार." हे हिशेब मला तितकेसे मानवत नाहीत, देशांची उधारी पोरांनी फेडावी असं मला वाटत नाही. पण त्या दिवसापासून आजोबांचं "कशाला?" बंद झालं खरं. उलट संध्याकाळी गॅलरीत दोघांची कवायत सुरू झाली. आजोबांची कॉलेजातली एनसीसी, "सावधान, विश्राम". नातवाचे हुकूम मलयमधले, कारण तिथली कवायत त्याच भाषेत चालते, "सेडिया, सनांग दिरी". समोरच्या इमारतीतली लहान मुलं कठड्याला लोंबकळून बघायची.

क्लासच्या बाकांवर याच्या उलट चित्र होतं. याच्या बॅचची मुलं रँकच्या धसक्यानं झोपत नव्हती. कुणाला आयआयटी, कुणाला किमान सीओईपी, कुणाला नुसतंच "बघू". याच्यापुढे "बघू" नव्हतं. जेईई ॲडव्हान्स्ड सलग दोन वर्षांतच देता येते, आणि आपल्याकडची कॉलेजं दोन वर्षं कुणाची जागा राखून ठेवत नाहीत. तिथली विद्यापीठं सेवेत गेलेल्या मुलाची ठेवतात. म्हणजे ताईनं मनात धरलेलं जेईई कागदावर पहिल्यापासूनच फुकट होतं. तरी हा क्लासला जायचा, भौतिकशास्त्राची गणितं आवडीनं सोडवायचा, आणि मित्र रडकुंडीला आले की त्यांना समजावत बसायचा. मित्रांना त्याचा हेवा वाटे: तुझं बरंय, तुझं ठरलंय. एकदा रात्री उशिरा, स्वयंपाकघरात उभ्यानं दूध पिताना तो मला म्हणाला, "मावशी, त्यांना वाटतं माझं टेन्शन गेलंय. मला टेन्शन घ्यायलाच मिळालं नाही." मी ग्लास विसळत होते, तो तसाच हातात राहिला. त्याच्या वयाला चुकीचं काहीतरी निवडायचाही हक्क असतो, तो याच्याकडे नव्हता. सहलीला जायचं ठरलं की त्याच्या डोक्यात आधी महिने मोजले जायचे. दहावीच्या सुट्टीत गिटार घेतली होती, ती पुण्यात शिकणार होता, शिकला नाही. "सुरू करायचं आणि सोडायचं" म्हणाला. मुदत मिळाली म्हणजे मोकळा वेळ मिळाला असं मला आधी वाटायचं. ते तसं नव्हतं. ते कर्जाऊ घेतलेले दिवस होते, आणि व्याज तो रोज थोडं थोडं भरत होता.

तिथल्या मुलांना मुदतीच्या गोष्टी तोंडपाठ असतात. जोसेफ स्कूलिंग या जलतरणपटूला २०१३ मध्ये मुदत मिळाली आणि त्यानं २०१६ ला रिओमध्ये १०० मीटर बटरफ्लायचं सुवर्ण आणलं, सिंगापूरचं ऑलिंपिकमधलं पहिलं सुवर्ण. २०१८ मध्ये बेन डेव्हिस या फुटबॉलपटूनं इंग्लंडच्या फुलहॅम क्लबशी करार केला, त्याला मात्र नाकारली. यावर भाचा तासभर वाद घालू शकतो. त्याचं मत असं की नियम कडक आहे याचं त्याला वाईट वाटत नाही. श्रीमंताच्या मुलाला आणि टॅक्सी चालवणाऱ्याच्या मुलाला एकाच बराकीत झोपावं लागतं, ते त्याला आवडतं. हे तो सतराव्या वर्षी म्हणाला होता, सैन्य बघण्याआधी.

बारावीच्या वर्षात एक ओळखीचे गृहस्थ घरी आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "लहानपणी दम लागायचा ना याला? डॉक्टरकडून लिहून आणा काहीतरी." मी त्यांना चहा दिला आणि हा विषय आमच्या घरात नको असं सरळ सांगितलं. दुसरा सल्ला जरा शहाण्यासारखा दिसणारा होता: पीआर सोडून द्या, मुलगा भारतीयच आहे, इथे राहील. पण सेवा न करता पीआर सोडली तर पुढे तिथे शिकायला किंवा नोकरीला अर्ज करताना ते आडवं येतं, आणि आईवडिलांच्या परवान्यांच्या नूतनीकरणावरही परिणाम होऊ शकतो. तरीही बरीच भारतीय कुटुंबं हा मार्ग घेतात, मी त्यांना नावं ठेवणार नाही. प्रत्येक घराचं गणित वेगळं. माझं मत विचाराल तर भाच्यानं जावं असंच मला पहिल्यापासून वाटत होतं. ज्या बेटाच्या मैदानावर तो सायकल शिकला, जिथल्या ग्रंथालयात त्याच्या दुपारी गेल्या, तिथलं देणं आहे. पण हे देणं त्याला कुणीतरी विचारून लावायला हवं होतं. ही दोन्ही मतं माझ्या मनात एकाच वेळी असतात आणि एकमेकांना हलवत नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीत तो वैद्यकीय तपासणीसाठी सिंगापूरला जाऊन आला. रंगांच्या ठिपक्यांतले आकडे ओळखणं, कानांची तपासणी, छातीला चिकटवलेल्या ईसीजीच्या वायरी. परत आला तेव्हा आजीनं फराळाचा डबा पुढे करत विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?" तो म्हणाला, "फिट आहे." आजीच्या चेहऱ्यावर एकाच क्षणी समाधान आणि हिरमोड दोन्ही येऊन गेले, आणि तिनं डबा त्याच्या हातातच दिला.

मे महिन्यात निकाल लागला, जूनमध्ये आम्ही त्याला विमानतळावर सोडलं, आणि त्यानंतर काही आठवड्यांनी तो चांगीच्या धक्क्यावरून फेरीत बसून पुलाऊ टेकाँग या सैनिकी प्रशिक्षणाच्या बेटावर गेला. ताई-भाऊजी सोबत होते. त्या बेटावर पहिल्या दिवशी घरच्यांना बरोबर नेतात, बराक दाखवतात, मुलांच्याच मेसमध्ये जेवू घालतात आणि दुपारी परत पाठवतात. ताईनं सांगितलं, शपथ घेताना तिला शेकडो मुलांत आपला ओळखू येईना, आणि दुसऱ्या दिवशी डोकी भादरल्याचा फोटो आला तेव्हा तर मुळीच नाही. पुढचे सुमारे दोन आठवडे बाहेर सोडत नाहीत. मग शनिवार-रविवार घरी, रविवारी रात्री परत.

जंगलातल्या फील्ड कॅम्पमध्ये घरच्यांची पत्रं देतात. ताईनं आजोबांनाही लिहायला सांगितलं. आजोबांनी पोस्टकार्डाच्या काळातल्या बारीक अक्षरात दोन पानं लिहिली, मी त्यांचा फोटो काढून पाठवला, ताईनं छापून दिलं. भाचा तिथल्या शाळेत हिंदी शिकला होता. मराठी बोलायचा, पण हातानं लिहिलेलं वाचायला इथे शिकला, आजोबांच्या किराण्याच्या याद्या वाचून. नंतर त्यानं फोनवर सांगितलं, चिखलात बसून सगळे आपापली पत्रं वाचत होते. शेजारचा चिनी मुलगा आणि पलीकडचा मलय मुलगा दोघंही डोळे पुसत होते, आणि त्याला "जपून राहा"नंतरचा एक शब्द लागत नव्हता. खूप वेळानं लागला, "निर्धास्त". आजोबांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "माझं अक्षरच वाईट." दोन वर्षांचं पुणं कशाला, असं ताई जेव्हा जेव्हा म्हणते तेव्हा मी तिला हे पत्र सांगते. जेईईचं काही झालं नसेल, हे झालं.

आता प्रश्न धाकट्याचा आहे. तो यंदा तेरा पूर्ण करतो, म्हणजे एक्झिट परमिटचा नियम त्यालाही लागू. ताई म्हणते याला इथेच ठेवते, पुन्हा बाँड आणि मुदतीची पत्रं नकोत, सलग शिकेल आणि सलग जाईल. मला वाटतं त्यालाही दोन वर्षं आमच्याकडे पाठवावं. आमचं यावर एकमत नाही आणि होईलसं दिसत नाही. एका गोष्टीवर मात्र झालं: थोरल्याला जे अर्धवट, तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं ते याला आत्ताच नीट सांगायचं. मागच्या आठवड्यात ताईनं त्याला बसवून सगळं सांगितलं, मी फोनवर होते. त्यानं आधी विचारलं ते चष्मा चालतो का, पोहता येत नसेल तर काय करतात, सुट्टीच्या दिवशी फुटबॉल खेळू देतात का. मग विचारलं, "दादाला विचारलं होतं?" ताई म्हणाली, "नाही." तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मी नाही म्हटलं तर तुम्ही दोघं इथे राहू शकाल का?"

ताई म्हणाली, रविवारी दादा घरी असेल, बाबाही असतील, तेव्हा सगळे कागद घेऊन बसू.